बारा दिवसांचं काम

मी खुर्ची बोलतेय. सत्तेची वगैरे नाही. जेवणाच्या टेबलाची चौथी. घरात माणसं तीनच, म्हणून माझ्या वाट्याला जेवणारं कोणी आलं नाही. धुतलेल्या कपड्यांचा ढीग तेवढा यायचा. सुताराने मात्र मलाही इतर तिघींइतकंच मन लावून घडवलं होतं.

मग एक दिवस माझी छोट्या खोलीत बदली झाली. घरातल्या प्रोग्रॅमरने बारा वर्षांची नोकरी सोडून स्वतंत्र कामं घ्यायचं ठरवलं होतं. निरोप देताना साहेब म्हणाले होते, "महिनाभर तुमची जागा भरत नाही. नाहीच जमलं तर परत या." त्याने ते वाक्य मनात घट्ट धरून ठेवलं. मी मात्र त्या वाक्याचा धसका घेतला, कारण तो परत गेला की मी पुन्हा कपड्यांखाली.

पहिलं काम दातांच्या डॉक्टरीणबाईंचं. पेशंटच्या वेळा लावणारा प्रोग्रॅम हवा होता. "किती दिवस लागतील?" त्यांनी फोनवर विचारलं. ऑफिसात साहेब सांगितलेले दिवस निम्मे करायचे, म्हणून हा कायम दुप्पट सांगायचा. सवयीने बोलून गेला, "तीस." पलीकडून उत्तर आलं, "बरं, चालेल." हा घासाघीस कधी सुरू होते याची वाट बघत फोन कानाला लावून बसला. बाईंनी तो केव्हाच ठेवला होता.

काम बाराव्या दिवशी झालं. पण लवकर दिलं की लगेच दुसरं गळ्यात पडतं, हेही ऑफिसातलंच शहाणपण. आता दुसरं काम गळ्यात पडलं तरच आपलं पोट भरणार, हे या शहाण्याच्या डोक्यात शिरेना. स्वारी नऊ ते सहा माझ्यावर ठाण मांडून बसायची. कोणी आत आलं की भराभर बटणं बडवायची. बायको विचारायची, "अरे, घरात कोणाला दाखवतोयस?"

अठराव्या दिवशी त्याच्या आईची दाढ ठणकायला लागली. ती गेली त्याच बाईंकडे, आणि दाढ दाखवायच्या आधी सांगून मोकळी झाली, "तुमचं काम कधीच झालंय. पोरगा नुसता बसलाय."

तासाभरात फोन वाजला. "तयार आहे म्हणे?"

"थोडं तपासायचं होतं..."

"अहो, मी इथे वहीत नावं खोडतेय. काल एकाच वेळेला दोघं आले. एकजण सुजलेला गाल धरून तासभर ताटकळला."

तो माझ्यावर आक्रसून बसला. मग हळूच म्हणाला, "चुकलं माझं. सहा दिवसांपूर्वीच द्यायला हवं होतं." इतके दिवस मला त्याचा राग येत होता, त्या क्षणी मायाच वाटली.

"मग आत्ता पाठवा. माझ्या बहिणीच्या दवाखान्यालाही असंच हवंय. त्याला किती दिवस?"

सवयीने त्याच्या तोंडात "दहा" आलं होतं, ते गिळून तो म्हणाला, "पाच." फोन ठेवला आणि लगेच साहेबांना लावला. "साहेब, माझी जागा भरून टाका."

ते काम काल दुपारी तीनला संपलं. सहा वाजेपर्यंत काय करायचं हे त्याला सुचेना. दोनदा उठला, दोनदा बसला. शेवटी आईला घेऊन फिरायला गेला, आणि मी दिवसाउजेडी निवांत उभी राहिले.

बाबांनो, काम करायला खुशाल बसा. पाय शाबूत आहेत तोवर मी पेलेन. पण काम झालं की उठत जा. नुसता बसलेला माणूस फार जड लागतो.