एकवीस दाणे

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. महाराज एका डब्यातून एकेका बाईच्या तळहातावर गव्हाचे एकवीस दाणे ठेवत होते. ओल्या फडक्यात बांधायचे, आठवड्याने आणायचे. उगवले तर कूस मोकळी, नाही तर बंधनात. पहिल्या खेपेला आजवर एकीचेही उगवले नव्हते. महाराजांकडून बंधन सोडवून घेतलं की मात्र दुसऱ्या डब्यातले दाणे तरारून यायचे. लोक हात जोडून रडत होते.

आज माझ्या शेजारणीची पाळी होती. लग्नाला सहा वर्षं झालेली. "नाही उगवले तर दुसरी बघू," असं सासूने सरळ सांगून टाकलं होतं. नवरा शेजारीच उभा होता, जमिनीकडे बघत.

"यांनाही दाणे द्याल का?" तिने महाराजांना विचारलं.

"पुरुषाची परीक्षा? सूर्याला कोणी दिवा दाखवतं का, बाळ?"

आम्ही दोघी रोपवाटिकेत कामाला. शंभर बिया भिजवून किती उगवल्या ते मोजायचं, हे तिचं रोजचं काम. घरी आल्यावर तिने दहा दाणे माझ्या हातावर ठेवले. "तूही भिजव."

आठवड्याने तिचे अकराही तसेच, माझे दहाही तसेच. मी माझं फडकं महाराजांपुढे उलगडलं.

"अरेरे! सात जन्मांचं बंधन. या कुशीत अंकुर नाही."

"महाराज, माझी पाच पोरं बाहेर चपला सांभाळतायत."

तेवढ्यात शेजारणीने महाराजांच्या पहिल्या डब्यातला दाणा उचलून सोबत आलेल्या सासूला दिला. "आई, चावून बघा."

सासूचा जन्म स्वयंपाकघरात गेलेला. तिने दोनदा चावलं. "भाजलेत की हो हे!"

दुसऱ्या डब्यातले कच्चे निघाले. महाराज मागच्या दाराने समाधीला गेले, ते अजून उठल्याचं ऐकिवात नाही.

पुढे डॉक्टरीणबाईंनी दोघांना तपासलं; सासू आणि मीही सोबत होतो. तिच्यात दोष नव्हता. नवऱ्याच्या वीर्यतपासणीचा रिपोर्ट तिने सवयीने मोजणीच्या कागदासारखा वाचला. "शंभरातले आठच हलतायत."

"वृषणाच्या शिरा फुगल्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "छोटं ऑपरेशन करू. नाही जमलं तर पुढचेही उपाय आहेत."

नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्याची दया आली, आणि तिची सहा वर्षं आठवून रागही आला.

"आई," शेजारीण शांतपणे म्हणाली, "आता दुसरा बघायचा का?"

सासूने ऑपरेशनची तारीख लिहून घेतली.

मूल होत नसेल तर कारण बाईत असेल, पुरुषात असेल, दोघांतही असेल. दोघांनी मिळून डॉक्टरकडे जा. गहू दळायला द्या.