तोंड नको, भाकरी हवी

कुरवंड्याच्या त्या घरात सगळ्यांच्या आधी उठण्याचा मान रतनबाईचा. दुसरा कुठलाच मान त्या घरानं तिला ठेवला नव्हता. धाकटा दीर दत्तोबा लोणावळ्याला रेल्वेच्या शेडात कामाला होता. भोंग्याच्या आत त्याला चालत तिथं पोचायचं असे, आणि त्याआधी त्याच्या भाकरीचं फडकं बांधून तयार लागे. रतनबाईचा हात त्यात चांगला बसला होता. नाचणीच्या दोन भाकऱ्या थापायच्या, त्याच तापल्या तव्यावर मिरच्या-लसूण टाकून तांब्याच्या बुडानं ठेचा रगडायचा, मूठभर सुकट भाजायची, कांदा ठेवून गाठ मारायची. ना वेळ लागे, ना खर्च येई. शेडातले सोबती घास मागून खात आणि "कुनाच्या हातची रं ही भाकर?" म्हणून विचारत. "आमच्या नंदाच्या!" असं सांगून हा बहाद्दर मिशीला पीळ देई.

नंदा त्याची बायको. तिचं काम एवढंच, की बांधलेलं फडकं चुलीपासून उंबऱ्यापर्यंत न्यायचं आणि नवऱ्याच्या हातात द्यायचं. कारण रतनबाई विधवा. तिचा नवरा सोपान तापानं गेला, आणि पुढं एका सकाळी दत्तोबानं तिचं तोंड पाहिलं. त्याच दिवशी शेडात त्याचं बोट चेमटलं. आदल्या रात्री त्यानं किती ढोसली होती ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. पण दारूला बोल कोण लावतो? बोल लावायला घरात आयती विधवा होती. तेव्हापासून दत्तोबा निघायला लागला, की रतनबाईनं गोठ्यात जाऊन भिंतीकडं तोंड करून बसायचं. तिच्या हातची भाकरी चाले, तिचं तोंड चालत नसे. असला शास्त्रार्थ ज्यानं काढला, त्याच्या अकलेला कोपरापासून दंडवत!

एके दिवशी मोठी पंचाईत झाली. नंदा बाहेरची झाली आणि पडवीच्या कोपऱ्यात बसली. तिचा हात चालेना, हिचं तोंड चालेना, आणि दत्तोबा अंगणात खोळंबलेला. शेवटी सासू कस्तुराबाई लगबगीनं चुलीपाशी आल्या.

"आन हिकडं. मी देते."

गोठ्याकडं निघालेली रतनबाई जागीच थांबली. कस्तुराबाईंचं कपाळही तिच्यासारखंच मोकळं होतं. सासरे जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

"आत्याबाई, तुमच्या तरी कपाळाला कुंकू कुटं हाय?"

"मी आई हाय त्याची! आईचं तोंड वंगाळ नसतं."

"मग माझं कशानं वंगाळ झालं? तुमचा ल्योक गेला, माझा नवरा गेला. येकाच तिरडीमागं रडलो की आपन."

कस्तुराबाईंनी फडकं उचलून छातीशी धरलं. उत्तर आलं ते अंगणातल्या शहाण्याकडून. "आये, उशीर व्हतोय! त्या अवदसेला गोठ्यात घाल आदी!"

रतनबाईला इतका संताप आला, की तिची भीती कुठल्या कुठं गेली. तिनं सासूच्या हातातून फडकं घेतलं आणि ती उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. ती दिसताच दत्तोबानं गर्रकन पाठ फिरवली. पण भूक काही पाठ फिरवीना. त्यानं हात तेवढा मागं पसरला. भिकारीसुद्धा देणाऱ्याकडं बघून मागतो!

"भाऊजी, तोंड हिकडं करा आन भाकर घ्या."

"आये, तिला म्हनावं, हातावर ठेव."

"माझ्याकडं बघून घेनार आसाल तर जलमभर देईन. न्हाईतर चूल तुमची तुमी बघा."

शेडाला निघालेला त्याचा सोबती मारुती कुंपणाशी थांबला. "दत्तोबा, घे की लेका! वैनी देत्यात न्हवं?" दत्तोबा वळला नाही. पाठमोऱ्या माणसाची बोटं तेवढी हवेत वळवळत राहिली. ज्या बाईच्या जिवावर याचं पोट चालत होतं, तिच्याकडं एकदा मान वळवून बघण्याइतकीही छाती त्याला नव्हती.

रतनबाई उंबऱ्यावरच बसली. तिनं फडक्याची गाठ सोडली. नवरा गेल्यापासून तिच्या वाट्याला रोज आदल्या दिवशीचं शिळं येई. आज तिनं ऊन भाकरी मोडली, ठेचा लावला आणि दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर घास तोंडात घातला. कस्तुराबाई कपाळावर हात मारून घेत खाली बसल्या.

"आक्का," पडवीच्या कोपऱ्यातून नंदा हळूच म्हणाली, "मलाबी चतकूर दे."

रतनबाई उठली आणि चतकोर भाकरी तिनं नंदाच्या तळहातावर ठेवली, चांगला हाताला हात लावून. आभाळ कोसळलं नाही. दत्तोबा उपाशीपोटी, पाय आपटत लोणावळ्याच्या वाटेला लागला. मागं वळून बघायची हिंमत त्याला तेव्हाही झाली नाही.

वाचकहो, त्याला हसू नका. आज दुपारी कचेरीत डबा उघडाल, तेव्हा तो भरणारी बाई सकाळी तुमच्यासमोर आली होती का, एवढं आठवून बघा. आली नसेल, तर ती कुठल्या भिंतीकडं तोंड करून बसली होती, ते घरी गेल्यावर विचारा. आणि विचारायची लाज वाटणार असेल, तर निदान तो घास तरी गिळू नका.