छत्रीवाले

"आज तरी उतरवा तुमचे छत्रीवाले, पेंटर! की याही वेळी विमानतळावरच म्हातारे करणार आहात त्यांना?"

शेजारच्या खाटेवरून हॅलोबाईंनी तोफ डागली आणि टॅबलेट नर्सच्या हातात दिला. नर्सने तो पेंटरच्या मांडीवर आणून ठेवला. दोघांच्याही डाव्या हातात सुया होत्या. रक्त नळीतून डायलिसिसच्या मशीनमध्ये जाऊन धुऊन परत येत होतं आणि तोवर जागचं हलायचं नव्हतं. अशा माणसांना हा आळीपाळीने खेळायचा युद्धाचा खेळ फार सोयीचा. एकाने आपलं सैन्य हलवायचं, मग दुसऱ्याने. घाई कुणालाच नाही.

बाई जन्मभर टेलिफोन ऑपरेटर होत्या, म्हणून त्या हॅलोबाई. खेळ भाच्याने टॅबलेटवर घालून दिला होता, पण लढाई त्या स्वतःच्या अकलेने करत. खेळात साध्या पलटणी भरपूर, खास तुकड्या मात्र मोजक्या. पुढे जाऊन शत्रूचा ठाव घेणारे टेहळे, एका पाळीत नदीवर पूल टाकणारे, आणि विमानातून शत्रूच्या पाठीमागे उतरणारे छत्रीवाले. छत्रीवाल्यांना उडी एकदाच मारता येई. बाई पहिल्याच पाळीला टेहळे सोडत, मग छत्रीवाले थेट पेंटरच्या दारूगोळ्याच्या कोठारावर उतरवत, आणि ते एकटे पडून मरायच्या आत रणगाडे त्यांच्यापर्यंत नेऊन भिडवत.

पेंटरचं सगळं उलट. साध्या पलटणी गारद होईपर्यंत झुंजवायच्या आणि छत्रीवाले अगदीच गळ्याशी आलं तर असावेत म्हणून राखून ठेवायचे. गळ्याशी येईपर्यंत विमानतळच बाईंच्या ताब्यात गेलेला असे. मग छत्रीवाले छत्र्यांसकट जमिनीवरच कैद.

"अहो, पुढे टेहळा, मग छत्री, आणि लगेच मागून कुमक," बाई कपाळाला हात लावत. "एवढं सोपं आहे. तुम्ही त्यांचं लोणचं घालता!"

पेंटर हसून घ्यायचा. स्वभावच तसा, करणार काय! दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्याची हयात गेली, आणि अंगावर कायम रंगाचे डाग पडलेला शर्ट. नवा शर्ट कपाटात घडीतच पिवळा पडायचा.

ताईच्या बाबतीतही त्याने तेच केलं होतं. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा थोरल्या बहिणीने क्षणाचाही विचार केला नव्हता. "माझी घे," ती म्हणाली होती. "मला दोन कशाला हव्यात?" रक्त जुळत होतं, तपासण्या ठीक होत्या, डॉक्टर तयार होते. पेंटरच म्हणाला, "आत्ता मशीनवर भागतंय ना? तशीच वेळ आली तर बघू." ताईला कापायचं त्याला नको होतं, हे खरंच. पण दुसरंही एक खरं होतं आणि ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. ताईची किडनी लावली आणि तीही गेली, तर पुढे काहीच उरत नव्हतं. ती शिल्लक आहे, या आधारावर त्याला झोप लागायची.

वर्षं अशीच गेली. उजव्या हाताची शीर बंद पडली. आता डावीही दगा द्यायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, "सुया टोचायला जागा उरली नाही, पेंटर. किडनी बदलायची तर आता बदलू." पेंटरने तीन रात्री तळमळून काढल्या आणि शेवटी ताईला विचारलं. ती दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन तपासण्यांना हजर. आज त्यांचा निकाल होता. ती बाहेर डॉक्टरांच्या खोलीपाशी बसली होती.

पेंटरने टॅबलेटकडे पाहिलं. टेहळ्यांनी बाईंचं कोठार हेरून ठेवलं होतं. राखण तुटपुंजी होती. त्याचं बोट घटकाभर विमानतळावर घुटमळलं, आणि मग त्याने छत्रीवाले उतरवले.

"अगं बाई!" टॅबलेट हातात येताच हॅलोबाई ओरडल्या. "सूर्य कुठे उगवला आज?"

"कुमक पण येतेय मागून," पेंटर म्हणाला. त्याचे कान तापले होते.

पूल टाकणारे त्याने नदीपाशी आधीच नेले होते. पुढच्या पाळीत पूल झाला, त्याच्या पुढच्या पाळीत रणगाडे पार. बाईंच्या तोफांना गोळे मिळेनात. त्यांनी खूप हातपाय मारले, पण मशीनची घंटी वाजायच्या आधी त्यांचं निशाण खाली आलं होतं. हरल्याचा एवढा आनंद झालेली बाई पेंटरने पाहिली नव्हती.

"आता जा आणि ताईंना सांगा," त्या म्हणाल्या. "शकुन चांगला आहे."

सुया निघाल्या, पट्टी बांधून झाली. पेंटर जवळजवळ पळतच बाहेर आला. ताई बाकावर एकटीच बसली होती. तिचा चेहरा पाहिला आणि तो जिंकल्याची गोष्ट विसरूनच गेला.

"किडनी झकास आहे म्हणाले," ताई म्हणाली. "तरण्या पोरीसारखी. पण हृदय भूल सोसणार नाही म्हणतात. टेबलावरच जाईन म्हणे."

"आणखी कुणाला दाखवू की."

"दोघांनी बघितलं रे. नाही म्हणजे नाही." मग ती म्हणाली, "पहिल्यांदा तपासलं तेव्हा चाललं असतं, म्हणाले."

पेंटर तिच्या शेजारी बसला. आपण मूर्ख आहोत, हा एकच विचार त्याच्या डोक्यात फिरत होता.

ताईने पदराआडून गोळ्यांचं पाकीट काढलं. "खालच्या दुकानातून घेतलं. डॉक्टरांना विचारलंय, अधूनमधून एखादी चालेल."

"कसली गोळी?"

"गुडघ्यांची."

ताईचे गुडघे कधीचेच गेले होते. जिना चढताना ती ओठ आवळून चढायची, आणि गोळी घे म्हटलं की उडवून लावायची. तिच्या या हट्टावरून पेंटर कितीदा तरी तिच्यावर चिडला होता.

"मग इतकी वर्षं का घेत नव्हतीस?"

"दुखण्याच्या गोळ्यांनी किडनी खराब होते म्हणतात. तुला कधी लागेल याचा नेम नव्हता." ती पाकिटाकडे बघत राहिली. "आता कुणासाठी जपायची?"

पेंटरला रडू आवरेना. येणारीजाणारी माणसं बघत होती, तरी आवरेना. ताई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जसं काही नकार त्यालाच काय तो मिळाला होता.

मग त्याने पाकीट घेतलं आणि एक गोळी सोडवून तिच्या तळव्यावर ठेवली. खिशातली छोटी बाटली काढली. त्याला मोजूनमापूनच पाणी प्यायची परवानगी होती.

"तुझं दिवसभराचं आहे ना ते?"

"पी तू."

ती दोन घोटांत गोळी गिळून मोकळी झाली.

"लागू पडायला वेळ लागतो म्हणे," ती म्हणाली.

"बसू मग," पेंटर म्हणाला.

दोघं तिथेच बसून राहिली.