सुनेच्या हातचं दूध

सून दुधात काहीतरी घालते, याबद्दल प्राध्यापकांची खात्री पटली होती. काय घालते, एवढंच शोधायचं राहिलं होतं. निवृत्तीनंतर ते मुलाकडे राहायला आले, तब्येतीसाठी संध्याकाळी पेलाभर दूध सुरू केलं, आणि पोटात असा गडगडाट व्हायला लागला की मुलगा पाऊस समजून खिडक्या लावायला उठायचा.

आधी त्यांनी पेला बदलला. मग दूध स्वतः आणलं, स्वतः तापवलं. पोट तसंच. म्हणजे ही सून पातेल्यालाच आतून काहीतरी फासते, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

दुधाला दोष देणं त्यांना शक्यच नव्हतं. जन्मभर त्यांनी वर्गात सांगितलं होतं, की दुधातली साखर समोर आली की जीवाणू ती पचवणारं जनुक चालू करतो आणि संपली की बंद करतो. त्या एवढ्याशा जिवाला जे जमतं, ते डॉक्टरेट केलेल्या माणसाला न जमायला काय झालं?

शेवटी त्यांनी मुलाला समोर बसवून सांगितलं, की या स्वयंपाकघरात एक तर ही राहील, नाही तर मी. सून दारातच होती. ती बॅग काढायला आत गेली. मुलगा म्हणाला, आधी पुरावा आणा.

प्राध्यापक दुधाची बाटली घेऊन जुन्या कॉलेजात गेले. प्रयोगशाळा आता त्यांच्या जुन्या सहकाऱ्याकडे होती. शिकवायच्या धड्यांच्या वाटणीत जीवाणूंचा धडा यांच्याकडे आणि माणसांचा त्याच्याकडे गेला, तेव्हापासून अबोला होता. त्याचा धडा यांनी रागानं कधी उघडूनही पाहिला नव्हता.

सहकाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. बाटलीचं झाकणही काढलं नाही.

"सर, माणसाचं तसं नसतं. बहुतेकांचं ते जनुक लहानपणानंतर मंदावतं. मग पिंपभर दूध प्या, ते ढिम्म हलत नाही."

"मग पोटात धिंगाणा कोण घालतं?"

"तुमचेच जीवाणू. न पचलेली साखर खाली पोचली की त्यांची चंगळ. जनुकं चालू करतात, अगदी तुम्ही शिकवायचात तशी. वायू त्यांचाच."

घरी येऊन प्राध्यापकांनी भिंतीकडे बघत जाहीर केलं, की संशोधनाची दिशा बदलली आहे, उद्यापासून कोरा चहा. माफीचा शब्द काही तोंडातून फुटला नाही.

सुनेनं बॅग पुन्हा माळ्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी तिनं चहा आणला, त्यांच्यासमोर चमचाभर स्वतः प्यायली आणि कप टेबलावर ठेवून खुर्ची ओढून बसली.

"थोडं थांबा, बाबा," ती म्हणाली. "मला काही झालं नाही, तर प्या."