अमीरबीचा इस्तिखारा

रंगरेजाच्या घरात स्वप्नावर भरवसा ठेवू नये, असं माझं मत आहे, आणि ते मी इस्माईलला तोंडावर सांगितलं होतं. ज्या बाईचे हात दिवसभर कोपरापर्यंत हिरव्या-लाल पाण्यात असतात, तिला रात्री जो रंग दिसतो तो अल्लाने पाठवलेला की हौदातला, हे कोण सांगणार? पण इस्माईल माझा धाकटा भाऊ. आपाचं एकही ऐकायचं नाही, हा त्याचा लहानपणापासूनचा नेम.

दुसरी मोठी लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. जवळा बाजार गावात आमचं घर रस्त्याला लागून होतं. पुढे फेटे आणि लुगडी रंगवायचं काम चालायचं, मागे आम्ही राहायचो: इस्माईल, त्याची बायको अमीरबी, त्यांचा मुलगा नासेर, आणि नवरा वारल्यावर भावाकडे परत आलेली मी, चाँदबी. नासेरचा थोरला भाऊ शकील इंजिनिअर व्हायला हैदराबादेला गेला होता. तो तिथेच मुदतीच्या तापाने गेला. आमच्यापर्यंत खबर आली तोवर त्याला मातीही देऊन झाली होती. इस्माईल जाऊन कबर पाहून आला. अमीरबीच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

ती रडली नाही. खबर आली तेव्हा ती भाकरी थापत होती. हातातली भाकरी तिने तव्यावर टाकली, उलटवली, शेकली, आणि मग पुढचा उंडा घेतला. त्याला सव्वा वर्ष होत आलं होतं आणि ती अजून तशीच होती. काम करायची, जेवायची, नमाज पढायची. कोणी हसलं तर हसायचीही, पण जरा उशिरा. हळूहळू सगळं घरच तसं झालं. मलासुद्धा रागावायचा कंटाळा येऊ लागला होता, आणि मला ओळखणाऱ्यांना विचारा, ही साधी गोष्ट नव्हे.

अशा घरात नासेर हिंगोलीहून मॅट्रिक पास होऊन आला. चांगल्या मार्कांनी आला. मी शेजारी गूळ वाटला. इस्माईलने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच सांगून टाकलं, की हैदराबादेला जायचं, इंजिनिअर व्हायचं.

"शकीलचं अर्धं राहिलं ते तू पुरं कर," तो म्हणाला.

नासेर खाली मान घालून जेवत होता. "अब्बा, मला पूल न्हाई बांधायचे. मला अमरावतीला जायचंय, सायन्सला. तांड्यावरचा फुलसिंग, माझ्या वर्गातला, तो बी तिकडंच जाऊन राहिला."

"तिकडं जाऊन काय व्हशील?"

"तुरटी टाकली का रंग कपड्याला काहून धरतो, ते शिकायचंय."

"धरतो म्हणून धरतो. माझ्या बापानं न्हाई इचारलं, मी न्हाई इचारलं. आमचे फेटे उडाले का?"

"मागल्या साली पुडीतला लाल रंग उडाला की," मी म्हटलं. इस्माईलने माझ्याकडे पाहिलंच नाही.

पोरगं खरंच त्या पाण्यासाठी वेडं होतं. एकच फडकं चार वाट्यांत बुडवायचं, एकीत तुरटी, एकीत लोखंडाचा गंज, एकीत चुना, एकीत नुसतं पाणी, आणि वाळल्यावर शेजारी शेजारी लावून तासन्‌तास पाहत बसायचं. शकील वेगळा होता. त्याला नदी दिसली की ती ओलांडायची कशी हे सुचायचं. दोघं एका आईची लेकरं, पण एकाला दुसऱ्याचं आयुष्य पुरं करायला लावणं म्हणजे एकाच्या मापाचा सदरा दुसऱ्याला घालणं. हे कळायला काही मॅट्रिक व्हावं लागत नाही.

बापलेकाचं चार दिवस असं चाललं. शेवटी इस्माईल म्हणाला, "अमीरबी इस्तिखारा पाहील. जा निघालं तर अमरावती, थांब निघालं तर हैदराबाद, निघेल ते कबूल."

आमच्या घरात मोठी गोष्ट ठरवायची तर अशीच ठरायची. रात्रीच्या नमाजानंतर दोन रकात, म्हणजे नमाजाच्या दोन फेऱ्या, जास्तीच्या पढायच्या, अल्लाकडे सल्ला मागायचा आणि कोणाशी न बोलता झोपायचं. स्वप्नात पांढरं किंवा हिरवं दिसलं तर जावं, काळं किंवा लाल दिसलं तर थांबावं. एका रात्रीत नाही दिसलं तर सात रात्रींपर्यंत पाहता येतं. घरात हे काम नेहमी अमीरबीकडे. तिची स्वप्नं खरी होतात, असं माझी आई म्हणायची.

शकीलच्या वेळीही तिनेच पाहिलं होतं. पहिल्याच रात्री तिला हिरवंगार दिसलं. शेतात नाही, झाडावर नाही, नुसतं सगळीकडे हिरवं. सकाळी हसत हसत तिने ते सांगितलं आणि शकील गेला. त्या आठवड्यात आम्ही उरुसाच्या चादरी हिरव्या रंगात काढत होतो, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं होतं, पण मीही त्या दिवशी आनंदात होते.

"तिलाच काहून? तू पाहा की," मी इस्माईलला म्हटलं.

"माझ्या सपनाला काय किंमत हाय, आपा?"

मशिदीतल्या मौलवीसाहेबांना विचारलं तर त्यांनी सांगितलं, की स्वप्न पडलंच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही, मन जिकडे झुकेल तिकडे जावं. इस्माईलने घरी येऊन ते अमीरबीला सांगितलं.

"मन कुठंच झुकत न्हाई," अमीरबी तांदूळ निवडत म्हणाली. "पाहते मी. पढते."

तिने हो म्हटलं तेव्हा तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. भीती नाही, राग नाही. पाणी भरून ठेव म्हटलं असतं तरी ती अशीच हो म्हणाली असती.

इस्माईलला माझं हौदाचं बोलणं लागलं असावं, कारण त्याने त्या आठवड्यात काम बंद ठेवलं. हौद रिकामे केले, माठ पालथे घातले, रंगीत कापड होतं नव्हतं ते गाठोडं बांधून फुलसिंगच्या तांड्यावर ठेवायला पाठवलं. तिच्या डोळ्यांपुढे रंग येऊ नये म्हणून. मग घरात उरलं काय? रंगवायला आलेले कोरे फेटे, कोरी थानं. जिकडे पाहावं तिकडे पांढरंच पांढरं.

"आता हिला पांढरं दिसलं म्हणजे?" मी विचारलं. "ते अल्लाचं का गिऱ्हाइकाचं?"

इस्माईल कोरी थानं उचलून कोपऱ्यात ढकलू लागला. खरं सांगायचं तर मला त्याची कीव आली. एक पोरगा गमावलेला माणूस दुसऱ्याच्या बाबतीत पुन्हा चूक होऊ नये म्हणून धडपडत होता, आणि धडपड केली की चूक होत नाही असं त्याला वाटत होतं.

पहिल्या सकाळी तो चूल पेटायच्या आधी येऊन बसला. "काय दिसलं?"

"काही न्हाई."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी फुलसिंग तांड्यावरून चालत आला आणि ओट्यावर बसून राहिला. त्याचं जायचं ठरलं होतं. त्यांच्या तांड्याच्या नायकाने, धर्मसिंगने, चिलीम ओढता ओढता "जाय" म्हटलं आणि विषय संपला. "तुमच्याकडं लय येळ लागतो," फुलसिंग नासेरला म्हणाला. नासेर हसला नाही. तो चारही वाट्या धुऊन फडताळात ठेवून बसला होता. कुठे जायचं त्याचं त्यालाही काही वाटेनासं झालं होतं, असं त्याने मला सांगितलं. हैदराबाद निघालं तरी चालेल, फुफी, म्हणाला. ते ऐकून मला जितकं वाईट वाटलं तितकं त्याच्या भांडण्याने कधी वाटलं नव्हतं.

असे दिवस गेले. रोज सकाळी तोच सवाल, तोच जवाब. शेवटच्या सकाळी फुलसिंग आपली ट्रंक घेऊनच आला. दुपारच्या मोटारीने हिंगोली, आणि तिथून पुढे. आता आज काय ते ठरायला हवं होतं.

"काय दिसलं?"

"काही न्हाई."

"नीट आठव," इस्माईलचा आवाज चढला. "सात राती झाल्या. काळं, लाल, काहीतरी दिसलं असंल! पोराच्या जिंदगीचा सवाल हाय अन् तू काही न्हाई, काही न्हाई करून राहिलीस!"

अमीरबीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"सपन पडायला झोप लागावी लागते," ती म्हणाली. आवाज रोजचाच. "शकीलची खबर आली तवापासून मी झोपत न्हाई. डोळे मिटून पडते. डुलकी येऊन राहिली का उठून बसते."

"काहून?" इस्माईलने विचारलं.

"सपन पडलं तर? पुन्यांदा हिरवं दिसलं, तर मी काय करू? तुमाला काय सांगू?"

सव्वा वर्ष एका छपराखाली राहून मला किंवा इस्माईलला हे कळलं नव्हतं. इस्माईल भिंतीला टेकून बसला. त्याच्या नखांतली नीळ आठवडाभर काम नसूनही गेली नव्हती, तिच्याकडे तो पाहत राहिला.

नासेर उठला आणि आईपुढे जाऊन बसला.

"अम्मा, तू काही पाहू नको. मी अमरावतीला जाऊन राहिलो. माझ्या मनानं जाऊन राहिलो. चांगलं झालं तरी माझं, बुरं झालं तरी माझं. तुझ्या सपनावर काही न्हाई. ऐकलं का?"

अमीरबीने त्याच्याकडे पाहिलं.

"बराबर?"

"बराबर."

"मंग जा," ती म्हणाली.

इस्माईल उठला आणि खुंटीवरची स्वतःची शाल काढून नासेरच्या ट्रंकेत ठेवली. तिकडे थंडी जास्त असते, एवढंच बोलला. मी दशम्या केल्या. अमीरबी कोऱ्या थानांच्या ढिगाला टेकून आमची धावपळ पाहत बसली होती. मी दशम्या फडक्यात बांधून वळले तर तिची मान कलली होती. तोंड उघडं, पदर घसरलेला, श्वास लांब लांब. तिला अशी झोपलेली मी विसरूनच गेले होते.

मोटारीचा भोंगा वाजला. इस्माईल तिला उठवायला वाकला, तर नासेरने त्याचा हात धरला. तो तिच्या पायांशी थोडा वेळ उभा राहिला आणि मग फुलसिंगच्या मागोमाग गेला. हाक मारली नाही. मोटार सुटल्यावरही इस्माईल रस्त्यात उभाच होता.

अमीरबी उठली तेव्हा दिवस कलला होता. तिने इकडे तिकडे पाहिलं.

"गेला?"

"गेला."

"मला उठवलं काहून न्हाई?"

"त्यानं उठवू दिलं न्हाई, अमीरबी."

ती उठून दारापर्यंत गेली, रस्ता पाहिला आणि उंबऱ्यावर बसली. मग तिने जो हंबरडा फोडला तो सगळ्या गल्लीने ऐकला. ऊर बडवून घेत होती, जमिनीवर हात आपटत होती. मी तिला धरलं, पण गप्प केलं नाही. शेजारच्या बाया भाकऱ्या टाकून धावत आल्या. कोण गेलं, काय झालं, कोण गेलं, विचारू लागल्या.

"शकील," मी म्हटलं.