वाच गो, दमू

जयगडच्या धक्क्यावर दमयंती सकाळपासून बसून होती. यासीनची होडी, ‘अलिझा’, भरतीबरोबर लागेल असं बर्फाच्या गाडीवाल्याने सांगितलं होतं. होडीशी तिचं काही काम नव्हतं. तिला फक्त होडीवरचं नाव बघायचं होतं. ते बाबांनी रंगवलेलं शेवटचं नाव होतं, आणि ते बरोबर आहे की नाही हे कळल्याशिवाय तिला पुण्याला परत जाववत नव्हतं.

तिचे बाबा, काशीराम, चाळीस वर्षं होड्यांवर नावं रंगवत आले. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांनी पेपर हातात घेतला आणि विचारलं, हा कुठल्या भाषेतला टाकून गेला? मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. बाबांना दिसत होतं, अक्षरं ओळखणारी जागाही शाबूत होती. पण बघणाऱ्या भागापासून तिथवर जाणारी पांढऱ्या तंतूंची जुडी तुटली होती. हात पूर्वीसारखा लिहील, पण लिहिलेलं त्यांना वाचता येणार नाही. बाबांनी चित्राचा कागद जवळ ओढला.

“म्हणजे हातखंब्याचा फाटा बंद,” ते म्हणाले. “गाव हाय तिथंच हाय, गाडी आत येत नाय.”

डॉक्टरांनी एक आडवाट सुचवली. अक्षरावरून बोट फिरवायचं, म्हणजे डोळ्याला नाही कळलं तरी हाताला कळतं. बाबांनी ते उडवून लावलं. सत्तरीत का पाटी गिरवायची? शिवाय ओल्या रंगाला बोट लावणं त्यांच्या लेखी पाप होतं. कुणी लावलंच तर ते महिनाभर त्याच्याशी बोलत नसत.

काम मात्र सोडलं नाही. पहिल्याच होडीवर एक अक्षर दोनदा निघालं आणि धक्का आठवडाभर हसला. तेव्हापासून बापलेकीची रीत ठरली. नाव काढून झालं की रंग ओला असतानाच, म्हणजे चूक चिंधीने पुसता येते तोवर, त्यांनी फोटो पाठवायचा. मग मोबाइलवरच्या तिच्या चेहऱ्यावर बोट ठेवून फोन लावायचा आणि म्हणायचं, “वाच गो, दमू.” ती वाचायची. त्यानंतरच ब्रश रॉकेलमध्ये जायचा.

जुलैच्या अखेरीस, होड्या समुद्रात जायच्या आदल्या आठवड्यात, फोन आला तेव्हा ती कॉलेजात बैठकीला बसली होती. तिने कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. संध्याकाळी फोटो उघडला तर तो हललेला. निळ्यावर नुसता पांढरा फराटा. उद्या विचारू, असं म्हणून तिने भाजी फोडणीला टाकली. पहाटे बाबा गेले.

तो फराटा तिने नंतर किती वेळा मोठा करून पाहिला, त्याला मोजदाद नव्हती.

होडी दुपारी लागली. यासीनने तिला लांबूनच ओळखलं, चहाचं विचारलं. ती नको म्हणाली आणि पायऱ्या उतरून नाळेपाशी, होडीच्या पुढच्या टोकाशी गेली.

नाव बरोबर होतं. एक काना इकडचा तिकडे नव्हता. पण प्रत्येक अक्षराच्या मधोमध बोटाएवढा चर गेला होता. तिथला पांढरा रंग दोन्ही बाजूंना सरकून वाळला होता आणि खालचा निळा दिसत होता.

यासीन मागे येऊन उभा राहिला. “मी बोललो, काका, रंग ओला हाय. ऐकलं नाय. एकेक अक्षरावरून बोट फिरवलं, तोंडाने पुटपुटत. मग बोलले, बरोबर हाय. दमूला कामं असतात.”

“हे बोलताना हसले?”

“नाय, बाय. बोट चिंधीला पुसलं, ब्रश धुतला नि गेले. उद्या येऊन सारखं करतो बोलले होते.” मग त्याने विचारलं, दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ का?

तिने मानेनेच नको म्हटलं. पहिल्या अक्षराच्या चरात बोट ठेवलं. बाबांच्या बोटाची ती वाट तिला रुंद होत होती. ती सावकाश पुढे गेली, शेवटच्या अक्षरापर्यंत. पाणी उतरायला लागलं होतं. होडी दोराला ओढ देत होती आणि बोट सारखं निसटत होतं. ती पुन्हा पहिल्या अक्षराकडे गेली.