डोळ्याची कुपी

रक्तात दारू निघाली, तेव्हा मॅडमना फारसं आश्चर्य वाटलं नाही. मोटारी दुरुस्त करणारा तो माणूस भर उन्हाळ्यात आपल्याच बंद शेडमध्ये चार दिवस मरून पडला होता. अशा देहातलं रक्त नासतं आणि नासता नासता स्वतःच थोडी दारू तयार करतं. मेलेल्या माणसाला मेल्यावर दारू पाजायची ही निसर्गाची खोड विषपरीक्षण विभागात केस पिकलेल्या मॅडमना चांगली ठाऊक होती. असल्या रक्ताच्या एकट्या साक्षीवर त्या कधी विसंबत नसत.

त्यांनी दुसरी कुपी घेतली. डोळ्यातल्या द्रवाची. डोळा मोठा एकलकोंडा. अंगभर नासण्याचा गोंधळ चालू असला तरी बराच काळ तो त्यापासून अलिप्त राहतो; जिवंतपणी प्यायलेली दारू मात्र त्यातही उतरलेली असते. कुपी यंत्रात उबेला ठेवली की वाफ वर येते, यंत्र ती लांबलचक नळीतून ओढून घेतं आणि दारू असलीच तर पडद्यावरच्या रेषेला ठरल्या जागी टेकाड येतं.

ती जागा येईपर्यंत नुसतं बसायचं. यंत्राची मंद घरघर, खिडकीतून टेबलावर उतरलेलं ऊन. अशा वेळी मॅडमचं मन हमखास भरकटायचं. आपण त्या माणसाच्याच डोळ्यांनी पाहतोय असं त्यांना वाटू लागलं. तेलकट फरशी, हातातून निसटलेला पाना, दाराच्या फटीतून आत आलेला उजेडाचा पट्टा आणि त्यात तरंगणारी धूळ. किती निवांत होतं सगळं. टेकाडाची जागा आली आणि निघून गेली. रेषा सपाट. त्यांनी पुन्हा एकदा चाचणी लावली. पुन्हा सपाट.

विभागाच्या साहेबांनी अहवालावर सही केली. त्या मेलेल्या माणसाची बायको सकाळपासून बाहेर बसली आहे, पण कागद पोलिसांकडे जाईल, आपण कुणी तोंड उघडायचं नाही, असं त्यांनी बजावलं. मॅडमनी मान डोलावली.

पण बाहेरच्या व्हरांड्यात त्या बाईनं त्यांना गाठलंच. मॅडमनी काही विचारण्याआधीच तिनं सगळं सांगून टाकलं. पूर्वी तो प्यायचा, मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवून त्यानं सोडली. त्या दुपारी मात्र झोकांड्या खात घरी आला, जीभ जड. हिच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि हिनं त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं. चार दिवस कुणी विचारलं की सांगायची, पडला असेल कुठंतरी पिऊन.

"घेतली होती ना ह्यांनी, मॅडम?"

तिला हो हवं होतं. मॅडमना ते लख्ख कळलं. हो म्हटलं असतं तर बाई सुटली असती. गप्प राहिलं असतं तर नियमही पाळला गेला असता. पण ती सपाट रेषा अजून त्यांच्या नजरेसमोरून हलत नव्हती. ज्याची होती तो आता स्वतः काही सांगू शकणार नव्हता.

"नाही," त्या म्हणाल्या. "घेतली नव्हती."

"मग तोल का जात होता?"

"ते डॉक्टर सांगतील. दारूनं नव्हता जात, एवढं मी सांगते."

बाई परत बाकावर जाऊन बसली.

"बाहेरून म्हणत होते," ती हळूच म्हणाली, "डोकं दुखतंय, दार उघड. मला वाटलं, नाटकं करतायत."

मॅडमना तिच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. ठेवला नाही.

"मीच सांगत सुटले सगळ्यांना," बाई उठत म्हणाली. "आता मलाच सांगायला हवं."

पदर सारखा करून ती फाटकाकडे चालू लागली. फाटकाशी वॉचमन पेपर वाचत बसला होता. तिला तो ओळखतही नव्हता. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या नवऱ्यानं घेतली नव्हती."

वॉचमननं पेपर खाली ठेवला आणि तो उठून उभा राहिला.